सासूबाई, मी आणि अण्णांची दुबई : पासपोर्टच्या फॉर्मपासून परतीच्या विमानापर्यंत

आम्ही दोघी २४ जानेवारी २०२५ ला रात्री दुबईहून परत आलो. दोघी म्हणजे मी आणि माझ्या सासूबाई, त्यांना मी आई म्हणते. त्यांचं वय वर्षं ६४, शिक्षण सातवी, आणि याआधी विमानात पाय ठेवलेला नाही. मीही देशाबाहेर पहिल्यांदाच गेले. जायच्या आधी मी रात्र रात्र मोबाईलवर वाचत बसायचे, पण "माझ्या सासूला घेऊन जायचंय, ती कधीच कुठे गेली नाही, काय करू" असं मला हवं तसं कुठेच सापडत नव्हतं. म्हणून आठवतंय तोवर सगळं लिहून काढतेय, लांबलचक झालंय पण कोणाला तरी उपयोग होईल.

आधी दुबईच का ते सांगते. माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, १९७९ ते १९८६ दुबईला होते, पोर्ट रशीदला क्रेन चालवायचे. मूळ घर चिपळूणजवळ, तेव्हा आमच्या भागातले कितीतरी पुरुष गल्फला असायचे. सात वर्षांत अण्णा तीनदा घरी आले. बाकी सगळा संसार पत्रांवर आणि कॅसेटवर. अण्णांनी पहिल्या सुट्टीत टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेला, आणला होता आणि मग तिकडून कोणी गाववाला येत असला की त्याच्याबरोबर बोलून भरलेली कॅसेट यायची, आई दार लावून ती ऐकायच्या आणि दुसऱ्या बाजूला स्वतःचं भरून परत पाठवायच्या. अशा घरात दुबई हा शब्द रोजचा, पण आईंनी ती पाहिलेली नाही. गेल्या वर्षी त्यांची एक एफडी पिकली आणि दसऱ्याच्या दिवशी जेवताना त्या म्हणाल्या, मला एकदा तिकडे जाऊन यायचंय. अण्णा म्हणाले, "मी बघितलंय ते, मला नाही यायचं. तुम्ही जाऊन या." माझ्या नवऱ्याला जानेवारीत सुट्टी मिळणार नव्हती, मग राहिले मी.

पासपोर्ट

१४ ऑक्टोबरला ऑनलाइन फॉर्म भरायला बसले आणि पहिल्याच पानावर अडकले. आईंच्या नावात एक 'व' आहे, तो आधारवर इंग्रजी व्ही घालून लिहिलेला आणि पॅनवर डब्ल्यू घालून. मी म्हटलं एवढ्याने काय होतंय, पण ओळखीच्या एका काकांनी बजावलं की सगळे कागद एका अक्षराने सारखे करूनच जा. मग आधार केंद्रात ५० रुपये भरून नाव दुरुस्त केलं, चार दिवसांत झालं. हे आधी करा. फॉर्म भरायच्या आधी आधार, पॅन, बँक पासबुक शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा.

माझी दुसरी भीती म्हणजे ईसीआर, म्हणजे कामासाठी बाहेर जाण्याआधी सरकारी तपासणी हवी असा शिक्का. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर तो शिक्का येतो हे ऐकलं होतं आणि गल्फला जाताना त्यावरून अडवतात असंही ऐकलं होतं. नीट वाचल्यावर कळलं की ५० वर्षांपुढच्या सगळ्यांना यातून सूट आहे, त्यामुळे आईंच्या शिक्षणाचा प्रश्नच आला नाही. लग्नाचा दाखला लागेल म्हणून मी तो पण शोधत होते, तोही लागला नाही. फी १५०० असते, साठीच्या पुढच्यांना १० टक्के सूट, म्हणजे १३५० भरले.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. पासपोर्टवर नाव आणि आडनाव दोन्ही रकाने भरलेले पाहिजेत. नुसतं एकच नाव असलेल्या पासपोर्टवर यूएई, म्हणजे दुबई ज्या देशात आहे तो, २०२२ च्या नोव्हेंबरपासून टूरिस्टना घेत नाही. जुन्या बायकांच्या कागदांवर कधी कधी आडनावच नसतं, तेव्हा फॉर्म भरतानाच बघा.

२४ ऑक्टोबरला पुण्यात मुंढव्याच्या पासपोर्ट केंद्रात सव्वादहाची अपॉइंटमेंट होती. ए, बी, सी असे तीन काउंटर असतात, ए वर कागद स्कॅन, फोटो आणि बोटांचे ठसे. आईंचे ठसे उमटेनात. आयुष्यभर भांडी, राख, शेण, चूल, बोटांच्या रेघाच पुसट झाल्यात. तिथल्या मुलीने न चिडता ओला रुमाल दिला, बोटं पुसायला लावली, अंगठा जरा दाबून धरला आणि पाचव्या वेळी मशीनने हिरवा दिवा दाखवला. आई मला हळूच म्हणाल्या, "अगं, इथेच नापास झाले असते." बी आणि सी मिळून वीस मिनिटं. एकूण दीड तासात बाहेर. दिवाळी मध्ये आली म्हणून पोलिस व्हेरिफिकेशनला वेळ लागला, शेवटी १२ नोव्हेंबरला हवालदार घरी येऊन गेले, आणि २० तारखेला पोस्टमनने पासपोर्ट हातात दिला. आईंनी तो देवापुढे ठेवला आणि त्यावर हळदीकुंकू वाहणार तेवढ्यात मी धरला हात. आतल्या पानांवर डाग पडला तर परत नवा काढायला लागायचा!

व्हिसा

इथे आम्हाला थोडा फटका बसला. नेमकं नोव्हेंबरच्या अखेरीस यूएईने टूरिस्ट व्हिसाचे नियम कडक केले, परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग अर्जाबरोबरच मागायला लागले. आमच्या एजंटाने "ते काही लागत नाही, आम्ही रोज करतो" म्हणून नुसता फोटो आणि पासपोर्टवर १२ डिसेंबरला अर्ज टाकला, आणि दोन दिवसांत तो परत आला. पैसे बुडाले नाहीत पण माझं धाबं दणाणलं, कारण विमानाचं तिकीट काढून झालं होतं. मग मी दुसरीकडे गेले आणि यावेळी सगळं स्वतः जमवलं: परतीचं तिकीट, दोघींचं नाव असलेलं हॉटेलचं कन्फर्म बुकिंग, दोघींचं तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, दोघींचं पॅन, पांढऱ्या बॅकग्राउंडचे फोटो आणि पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान. १८ डिसेंबरला अर्ज, २३ ला व्हिसा ईमेलवर. ३० दिवसांचा सिंगल एन्ट्री, माणशी ७३०० रुपये. ते पाच दिवस मी नीट जेवले नाही. हॉटेल शक्यतो असं बुक करा जे कॅन्सल केलं तरी पैसे परत मिळतील, म्हणजे जीवाला घोर कमी. आणि पासपोर्ट प्रवासाच्या तारखेपासून निदान सहा महिने तरी चालू असला पाहिजे.

औषधं आणि खसखस

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून सविस्तर सांगते.

आईंना मणक्याच्या दुखण्यासाठी रात्री एक गोळी असते, तिच्यात प्रीगॅबलिन आहे. आपल्याकडे ती चिठ्ठीवर सहज मिळते, पण यूएईत ती नियंत्रित औषधांमध्ये आहे. तसंच ट्रॅमाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, झोपेच्या काही गोळ्या. न्यायच्या असतील तर तिथल्या सरकारी साईटवर आधी परवानगी घ्यायला लागते. मी आमच्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनी प्रवासापुरती दुसरी गोळी दिली, ती महिनाभर आधीच सुरू करून बघितली आणि चालली. बीपी आणि थायरॉईडच्या गोळ्या मूळ पाकिटात, नाव असलेल्या प्रिस्क्रिप्शनसकट हातातल्या पर्समध्ये ठेवल्या. सुट्ट्या गोळ्या डबीत भरून नेऊ नका.

आणि खसखस. आईंची भाची शारजाला नर्स आहे. तिच्यासाठी आईंनी संक्रांतीच्या आठवड्यात काय काय करून ठेवलं होतं: तिळाचे लाडू, मेतकूट, भाजणी, घरचा मसाला, आणि खास तिला आवडतात म्हणून अनारसे. १६ तारखेला रात्री बॅग भरताना मी सहज डबा उघडला आणि अनारशाच्या वर ती पांढरी बारीक खसखस बघून माझ्या पोटात गोळाच आला. खसखस अफूच्या बोंडातली, आणि यूएईत तिला पूर्ण बंदी आहे, चुकून नेली म्हणून लोक तुरुंगात गेलेत. आईंना पटेना. "अगं खाण्याची वस्तू ती, दाणे मोजून भर पाहिजे तर." मग मी त्यांना शांतपणे बसवून समजावलं. मसाल्यातही खसखस भाजून घातली होती, मग मसाला पण बाहेर. एवढंच नाही, ज्या डब्यात अनारसे होते तो डबाच बदलला आणि बॅग उलटी करून झटकली, कारण एखादा दाणा शिवणीत राहतोच. सुक्या खोबऱ्याच्या चार वाट्या होत्या त्याही काढल्या, त्यात तेल असतं आणि ते पेट घेऊ शकतं म्हणून विमानात नेऊ देत नाहीत. आईंचा चेहरा उतरला होता. त्या रात्री दीड वाजता उठून त्यांनी बिनखसखशीची शंकरपाळी तळली. भाचीला तीच पोचली.

१८ जानेवारी, शनिवार

पुण्याहून मुंबई टर्मिनल २, गाडीने, चार तास आधी पोचलो. तिकीट काढतानाच आईंसाठी व्हीलचेअर सांगून ठेवली होती. ती फुकट असते आणि लाजू नका, कारण चालण्यापेक्षा रांगेत उभं राहणं जड जातं. व्हीलचेअरमुळे इमिग्रेशनची रांगही वेगळी मिळाली. साहेबांनी आईंना थेट विचारलं, कुठे चाललात, किती दिवस, कोणाबरोबर. आईंनी पाठ केलं होतं: "दुबई, सहा रात्री, सूनबाईबरोबर." शिक्का बसला. मागच्या पंधरवड्यात मी रोज संध्याकाळी त्यांना हे विचारायचे, ते कामी आलं.

विमान साडेतीन तासांचं. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. उतरल्यावर पासपोर्टच्या काउंटरवर डोळ्यांचा स्कॅन होतो, आई चष्मा काढायला विसरल्या एवढंच. तिथेच एक फुकट टूरिस्ट सिम हातात देतात, एक दिवस पुरतं, मग पॅक मारायचा. बाहेर टॅक्सीचा मीटर एअरपोर्टवरून २५ दिरहमपासूनच सुरू होतो, तेवढं गृहीत धरा. मी पुण्यात एका दिरहमला २३.९० रुपये या भावाने घेतले होते.

हॉटेल बर दुबईला, मीना बाझारच्या जवळ. मुद्दाम तिथेच घेतलं, खाली उतरलं की पोहे-डोसा-थाळी सगळं मिळतं आणि आईंना सकाळी चहाशिवाय चालत नाही. चेक-इनला आम्हाला दर रात्रीचे १० दिरहम टूरिझम फी म्हणून वेगळे भरावे लागले, हे बुकिंगच्या रकमेत नव्हतं. प्लग तिथे चौकोनी तीन पिनांचा, आपला चार्जर बसत नाही, ॲडॉप्टर घरूनच घेऊन जा.

रात्री अण्णांना फोन लावायला गेले तर व्हॉट्सॲप कॉल लागेना. आधी वाटलं नेट बंद आहे, पण तिथे व्हॉट्सॲपवरून बोलणं बंदच असतं, फक्त मेसेज आणि रेकॉर्ड केलेला आवाज जातो. आईंना मी तो माईकचा बटन कसा दाबून धरायचा ते दाखवलं. त्यांनी दाबून धरला, घसा खाकरला, आणि जरा थांबून म्हणाल्या, "हां... ऐकताय ना? आम्ही पोचलो सुखरूप." अगदी कॅसेट भरताना बोलतात तसं. दहा मिनिटांनी अण्णांचं उत्तर आलं. मग सहा दिवस हेच चालू राहिलं, दिवसाला पाच-सहा रेकॉर्डिंग, आणि अण्णा पुण्यात बसून आम्हाला चाळीस वर्षांपूर्वीचे रस्ते सांगत होते.

खाडी

रविवारी सकाळी आम्ही पहिल्यांदा बुर्ज खलिफा वगैरे काही नाही, खाडीवर गेलो. अल फहीदीच्या जुन्या वस्तीतून चालत, अरुंद बोळ, मातकट रंगाच्या भिंती, आणि घरांच्या डोक्यावर चौकोनी वाऱ्याचे मनोरे, बारजील म्हणतात त्याला. चारी बाजूंनी उघडे, वरचा वारा पकडून खाली खोलीत आणायचे. वीज आणि एसी यायच्या आधीचा उपाय. जानेवारीत दुपारी २४ अंश होतं त्यामुळे आम्हाला सुखाचं वाटलं, पण अण्णा जून-जुलैत उघड्यावर काम करायचे ते आठवून आई त्या मनोऱ्याखाली थोडा वेळ नुसत्या उभ्या राहिल्या.

मग आब्रा. म्हणजे लाकडी बोट, या काठावरून देरा बाजूला सोडते, एक दिरहम. हो, एक, म्हणजे चोवीस रुपये! बुर्ज खलिफाच्या शहरात. मधोमध एक लांब बाक, त्यावर लोक दोन्ही बाजूंना तोंड करून पाठीला पाठ लावून बसतात, कठडा नाही, आणि बोटवाला मध्ये खड्ड्यासारख्या जागेत उभा. त्याच्या पायाशी इंजिन. आमच्या शेजारी एक माणूस भाजीची पिशवी मांडीवर घेऊन, एक सूट घातलेला, दोन फिलिपिनो मुली. चढताना बोट हलते, म्हणून वयस्कर माणूस असेल तर बोटवाल्याला सांगा, तो हात देतो. आईंना त्याने "आओ अम्मा" म्हणून हात दिला. सुट्टा दिरहम हातात तयार ठेवा, चालू बोटीतच पैसे गोळा करतो.

बोट सुटली आणि आईंनी माझ्याकडून मोबाईल मागून घेतला. मला वाटलं फोटो काढायचाय. पण त्यांनी माईक दाबून तो खाली इंजिनाच्या दिशेने धरला आणि पाच मिनिटं, अख्खी खाडी पार होईपर्यंत, एक शब्द न बोलता नुसता तो टकटक आवाज भरून घेतला. नेमका तो गेलाच नाही, नेट मध्येच तुटलं, म्हणून फोनमध्येच राहिला.

देऱ्याला उतरल्यावर मसाल्यांचा बाजार आणि पुढे सोन्याचा. सोन्याबद्दल एवढंच सांगते, बघा, हात लावा, पण घेण्याआधी आपला कस्टमचा नियम वाचा. दागिन्यांची जी सवलत आहे ती वर्षभराहून जास्त तिकडे राहून परत येणाऱ्यांना आहे, आठवडाभर फिरून येणाऱ्यांना नाही. दुकानदार ते सांगत नाही. आम्ही केशर आणि खजूर घेतलं. अण्णांनी रेकॉर्डिंगमध्ये सांगितलं की त्यांच्याबरोबरच्या जुन्या माणसांनी याच बाजारात रुपये चालवलेत. मला खरं वाटेना पण ते खरं आहे, १९६६ पर्यंत तिथे आपल्या रिझर्व्ह बँकेने काढलेले गल्फ रुपये चालायचे, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून इथले मोती मुंबईच्या बाजारात जायचे. हे कळल्यावर ती खाडी मला एकदम परकी वाटेनाशी झाली.

उंच दुबई

सोमवारी मेट्रो. सिल्व्हर नोल कार्ड २५ दिरहमला, त्यात १९ चा बॅलन्स. अंतराप्रमाणे ३, ५ किंवा साडेसात कापले जातात. प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं. बायकांचा डबा वेगळा असतो, गुलाबी पट्टा बघा. आत खाणंपिणं केलं तर १०० दिरहम दंड, पाण्याचा घोटसुद्धा नाही, च्युइंगगमही नाही. आईंनी पिशवीतून शंकरपाळी काढली होती, मी हातच धरला. गाडीला ड्रायव्हर नाही हे त्यांना पहिल्या डब्यात पुढच्या काचेशी नेऊन दाखवलं, तिथून रूळ आपल्याकडे धावत येताना दिसतात. उतरेपर्यंत आई तिथेच उभ्या.

सावध राहा: दुबई मॉलच्या स्टेशनपासून मॉलपर्यंतचा बंद पूल पाऊण किलोमीटरच्या वर आहे. सरकते पट्टे आहेत पण मध्ये मध्ये चालावं लागतंच, आणि मॉलमध्ये पुढे आणखी. गुडघे दुखणाऱ्यांनी टॅक्सीने थेट मॉलच्या दाराशी उतरावं. आम्ही जाताना चाललो, येताना टॅक्सी.

बुर्ज खलिफा ८२८ मीटर, आम्ही १२४ व्या मजल्यावर गेलो. तिकीट आधी ऑनलाइन, सकाळच्या वेळेचं, माणशी १८० दिरहमच्या आसपास पडलं. सूर्यास्ताचं फार महाग असतं. लिफ्ट मिनिटभरात वर, कान बंद होतात, आवंढा गिळायचा. वरून मला सगळ्यात लक्षात राहिलं ते म्हणजे शहर संपतं कुठे ते दिसतं. इमारती, रस्ता, मग एकदम रेती. ज्या हिरवळी खाली दिसतात त्यातलं एकही झाड पाणी घातल्याशिवाय जगलेलं नाही, आणि प्यायचं पाणी जवळजवळ सगळं समुद्राचं खारं पाणी गोडं करून. संध्याकाळी खाली कारंजं, सहा वाजल्यापासून दर अर्ध्या तासाने, फुकट. अर्धा तास आधी कठड्याशी जागा धरा. आईंना बुर्जपेक्षा ते जास्त आवडलं.

वाळवंट

मंगळवारी डेझर्ट सफारी, माणशी १५० दिरहम, दुपारी तीनला हॉटेलवरून घेऊन जातात. उंच वाळूवरून गाडी वरखाली उडवतात तो प्रकार पाठीचं, हृदयाचं दुखणं असणाऱ्यांसाठी नाही, बुकिंग करतानाच सांगा. आम्ही सांगितलं होतं, गाडी आम्हाला सरळ कॅम्पवर नेणार होती. वाटेत लाहबाबच्या लाल वाळूपाशी ड्रायव्हरने, तो पेशावरकडचा होता, दहा मिनिटं थांबवलं. सगळीकडे वाळू आणि मध्येच एक झाड. एकटं. फांद्या खाली झुकलेल्या, उंटाचं तोंड पोचतं तिथपर्यंत खालून अगदी कात्रीने कापल्यासारखी.

आई गाडीतून उतरल्या आणि चपला काढून वाळूतून त्या झाडाकडे चालायला लागल्या. मी मागून. त्यांनी एक डहाळी हातात घेतली, ती बारीक बारीक पानं बोटांत धरून बघितली, काटा चाचपला आणि म्हणाल्या, "अगं, ही शमी आहे." मी म्हटलं आई, इथे कुठली शमी. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणाला गाफ, इथलं राष्ट्रीय झाड, तोडायला बंदी आहे. रात्री हॉटेलवर शोधलं. गाफ म्हणजे आपली शमीच, तेच झाड, राजस्थानात खेजडी म्हणतात. मुळं इतकी खोल जातात की पाऊस नसला तरी जगतं. गणपतीच्या पत्रीत जी दोन पानं आपण मंडईतून आणतो ती इथे कोणीही न लावता वाळूत उभी आहेत! आईंनी पान तोडलं नाही. खाली पडलेली एक वाळकी काडी उचलली, कपाळाला लावली आणि तिथेच ठेवली.

कॅम्पवर नाच, मेंदी, उंट, शाकाहारी जेवण वेगळं होतं आणि ठीक होतं. सूर्य गेला की चांगलीच थंडी पडते, शाल नेलीच पाहिजे.

अबू धाबी, आणि देऱ्याचा क्लॉक टॉवर

बुधवारी अबू धाबीची एक दिवसाची व्हॅन टूर घेतली, माणशी १५०. शेख झायेद मशीद बघायला पैसे नाहीत पण नाव आधी ऑनलाइन नोंदवावं लागतं, बायकांनी डोकं, हात, पाय पूर्ण झाकायचे. आईंची नऊवारी बघून दारावरच्या बाईंनी फक्त डोक्यावरचा पदर नीट घ्या एवढंच सांगितलं, पोटाकडे शालीने झाकलं होतं. तिथून पुढे १४ फेब्रुवारी २०२४ ला उद्घाटन झालेलं स्वामीनारायण मंदिर, सात अमिरातींची सात शिखरं, राजस्थानचा गुलाबी दगड. तिथेही नोंदणी करूनच जा, आणि सोमवारी बंद असतं. दोन्ही एका दिवसात होतात पण आईंना दमायला झालं, पुन्हा गेले तर रात्री तिथेच राहीन.

गुरुवारी सकाळी काहीच ठेवलं नाही, झोपलो. असा एक रिकामा दिवस वयस्कर माणसांसाठी ठेवाच. संध्याकाळी भाची आली आणि आम्ही तिघी टॅक्सीने देऱ्याच्या क्लॉक टॉवरला गेलो. घरी अण्णांचा एक फोटो आहे, बेलबॉटम, हातात घड्याळ, मागे हाच टॉवर, १९८१. आईंनी तो फोटो प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणला होता, मला सांगितलंही नव्हतं. चौकातून गाड्या सतत वाहतात त्यामुळे टॉवरच्या पायाशी जायला मिळत नाही, आम्ही रस्त्याच्या कडेला उभं राहून कोन जुळवत होतो, भाची म्हणाली इथून, मी म्हटलं थोडं डावीकडे, आणि आईंनी शेवटी जागा धरली. फोटो पाठवला. अण्णांचं उत्तर आलं, "मागे एवढ्या बिल्डिंगा नव्हत्या. माझी खोली उजवीकडच्या रस्त्याने नाइफला. सहा जण होतो." मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज आणि मग, "थंडी असेल, शाल घे."

हिशोब आणि परत

तिकिटं दोघींची ४३,२००, व्हिसा १४,६००, ट्रॅव्हल इन्शुरन्स १,९००, हॉटेल सहा रात्रींचं फीसकट ४१,०००, बुर्ज ८,५००, सफारी ७,१७०, अबू धाबी ७,१७०, जेवणखाण-मेट्रो-टॅक्सी-सिम मिळून २१,५००. साधारण १ लाख ४५ हजार, खरेदी आणि पासपोर्ट वेगळा. आणखी स्वस्तात होतं, पण आईंना सारखी चढउतार नको म्हणून मी हॉटेलवर थोडा हात सैल सोडला.

शुक्रवारी रात्री मुंबईत उतरलो, आमच्याकडे जाहीर करण्यासारखं काही नव्हतं, ग्रीन चॅनेलने सरळ बाहेर. पुण्याला पोचायला पहाटेचे साडेतीन झाले. अण्णा जागे होते, गॅलरीत खुर्ची टाकून. बॅगा दारातच ठेवून आईंनी आधी मोबाईल काढला आणि मला म्हणाल्या, तो बोटीचा आवाज लाव. लावला. पाच मिनिटं अण्णांनी डोळे मिटून पूर्ण ऐकला, मग म्हणाले परत लाव. परत लावला.

"इंजिन बदललंय," अण्णा म्हणाले. "आमच्या वेळी असं नव्हतं वाजत."

आई म्हणाल्या, "मग चला, नीट ऐकून या," आणि चहा ठेवायला आत गेल्या.